चौदा खड्यांचा उजाळा

लातूर जिल्हा झाला आणि त्यातलं गुरुपादप्पा निडवंचेच्या वाट्याला काय आलं, तर शिपायांचे बिल्ले. नव्या कचेऱ्या आल्या, नवे साहेब आले, साहेबांच्या दारात उभे राहायला नवे शिपाई आले, आणि त्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्याला लावायला पितळी बिल्ले हवेच होते. ते मात्र कुठल्याशा जुन्या कोठारातून पोत्यात भरून आलेले, काळे ठिक्कर. गंजगोलाईच्या बाजाराजवळ चंद्रप्पा सराफाच्या दुकानाच्या ओट्यावर गुरुपादप्पा बसायचा आणि चिंच लावून, राखेनं घासून रोज वीसेक बिल्ले उजळायचा. कचेरीतला शेषेराव शिपाई संध्याकाळी येऊन ते घेऊन जायचा. पितळ उजळायला अक्कल लागत नाही, मनगट लागतं, असं गुरुपादप्पा म्हणायचा; आणि आता मनगटही राहिलं नव्हतं. बावन्न वर्षांचा माणूस, पण बसला की उठायच्या आधी दोनदा विचार करायचा.

याच हातांनी एके काळी हिरे धुतले होते, हे ओट्यासमोरून जाणाऱ्या कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. उदगीर, देवणी, शिरूर अनंतपाळ या टापूत घरोघर जाऊन दागिन्यांना उजाळा देणं हा निडवंच्यांचा बापजाद्यांचा धंदा. एक लाकडी पेटी, तीत रिठे, घोड्याच्या केसांचे दोन कुंचले, मलमलीचा तुकडा आणि पितळेची पसरट वाटी. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईच्या तोंडावर गुरुपादप्पा दारात आला की बायका आतून डबे काढायच्या. या धंद्याचा एकच कायदा होता: काम मालकिणीच्या डोळ्यादेखत. दागिना तिच्या नजरेआड न्यायचा नाही, पाणी प्यायला उठायचं झालं तरी तो तिच्या हातात देऊन उठायचं.

हिरा म्हणजे काय, हे त्याच्या बापानं त्याला चुलीपुढं बसून शिकवलं होतं. बाप म्हणायचा, हिऱ्याजवळ सोताचा उजेड अजिबात नसतो, अंधारात तो खड्यासारखा खडा. उजेड समोरून त्याच्या अंगात शिरतो, शिरताना वाकतो, मागच्या उतरत्या पैलूंवर जाऊन आदळतो, तिथून पलीकडच्या पैलूवर आणि तिथून पुन्हा समोर. वाकताना त्याचे रंग सुटे होतात, म्हणून बाई मान हलवते तेव्हा कधी तांबडी ठिणगी दिसते, कधी निळी. काचेलाही कारागिरानं असेच पैलू पाडले, तरी तिच्यात उजेड नीट वाकत नाही, अर्धाअधिक मागून निसटून जातो. बापाचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: "म्हणून लोक पुढून बघत्यात, आपुन मागून धुवायचं." हिऱ्याला तेलाची ओढ फार. पाठीला तेलाचा हात लागला की तिथून उजेड परतायचा थांबतो आणि तळाला भोक पडलेल्या घागरीसारखा मागून गळून जातो. मग अस्सल हिराही मेल्या माशाच्या डोळ्यासारखा दिसतो.

देवणीला आडत दुकानदाराच्या घरी पार्वतम्मा होत्या. त्यांच्या माहेराहून, निजामाच्या राज्यात, हैदराबादेत घडवलेल्या हिऱ्याच्या कुड्या आलेल्या. एका कानात सात खडे, दोन्ही मिळून चौदा, मागून उघडं कोंदण. साऱ्या देवणीत तशी जोडी नव्हती आणि हे पार्वतम्मा कोणाला विसरू देत नसत. बाई कडक, पण मनानं मोकळी. गुरुपादप्पा आला की आधी त्याला ज्वारीची भाकरी आणि लोणी, मग काम. एकाहत्तरच्या दिवाळीत त्याला एका खड्याला धरणारं सोन्याचं नख सैल झालेलं दिसलं. खडा पडला असता. नख आवळायचं काम उदगीरच्या सोनाराचं.

"आव्वा, तुम्हीच कुणाला तरी घेऊन उदगीरला जाऊन या," तो म्हणाला.

"मला कुठली सवड? घरात पावनं हायत. तूच घेऊन जा अन् परवा आणून दे."

त्यानं न्यायला नको होतं. बापाचा कायदा मोडायला नको होता. पण बाईचा विश्वास असा समोर वाढलेल्या ताटासारखा होता, आणि त्याला तो नाकारवला नाही. कुड्या तो घेऊन गेला, शेजारी बसून नख आवळून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी परत आणून दिल्या. पार्वतम्मांनी त्या घातल्या, आरशात बघितलं, खूश झाल्या. त्या दिवाळीला कोणाची काही तक्रार नव्हती.

मग बहात्तर आलं. त्याआधीही पाऊस धड झाला नव्हता, त्या साली तर त्यानं तोंडच दाखवलं नाही. देवणीच्या विहिरींत दगड दिसायला लागले. लोक दोन कोसांवरून पाणी आणू लागले, आणि आणलेल्या घागरीवर घरातल्या माणसांचे डोळे. अंघोळ ही चैन झाली. पण पार्वतम्मांचा नेम असा की अंघोळीशिवाय गळ्यातल्या लिंगाची पूजा करायची नाही, आणि पूजेशिवाय तोंडात घास घालायचा नाही. दोन दिवस त्या उपाशी राहिल्या. मग मठातल्या स्वामींनी सांगितलं, पाणी नसलं तर भस्मानं स्नान करावं, ते पाण्याच्या स्नानाएवढंच शुद्ध. झालं. पार्वतम्मा रोज पहाटे मूठभर विभूती घ्यायच्या आणि कपाळापासून पोटरीपर्यंत चोळायच्या. मानेला, गळ्याला, कानाच्या पाळ्यांना, कानामागं. केसांना करडीचं तेल होतंच. असं सात-आठ महिने चाललं, आणि कुड्या कानातच होत्या.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात घरी आलेल्या सोयऱ्यांतल्या एका बाईनं पार्वतम्मांच्या कानाकडं बघितलं आणि विचारलं, "ह्या का तुमच्या त्या कुड्या?" विचारायची तऱ्हा अशी होती की पार्वतम्मा आत जाऊन आरशापुढं उभ्या राहिल्या. चौदाचे चौदा खडे पांढरे, विझलेले. पार्वतम्मांच्या तोंडचं पाणी पळालं. गावातल्या एका दुकानदारानं कुडी तोंडाजवळ धरून फुंकर मारली. खऱ्या हिऱ्यावरची वाफ चटकन उडते, हे त्याला ठाऊक होतं. इथं ती उडेना. तेलावर धरलेली वाफ कशी उडेल, हा विचार त्या शहाण्याला सुचला नाही. तो म्हणाला, "काच वाटून राहिली बाबा." आणि मग सगळ्यांना आठवलं, कुड्या दोन दिवस गुरुपादप्पाकडं होत्या.

गुरुपादप्पाला मठात बोलावलं. पाच जाणती माणसं बसली होती, पार्वतम्मा खांबाआड. कुड्या मधोमध ताटलीत. त्यानं लांबूनच बघितलं आणि त्याला कळलं.

"आव्वा, खडे तुमचेच हायत," तो म्हणाला. "मागून तेल अन् भस्म बसलंय. एक तांब्याभर पाणी द्या, इथंच सगळ्यांच्या म्होरं धुऊन दाखवतो."

हे बोलला आणि तिथंच त्याचं बिनसलं. एक म्हातारा म्हणाला, माणसाला घोटभर न्हाई अन् खड्याला तांब्याभर? दुसरा त्याहून तापला. चोरी करतो ती करतो आणि वर भस्माला दोष देतो? ज्यानं देह शुद्ध होतो त्यानं हिरा मळतो म्हणतो? आणि ज्याच्या हातानं एकदा दगा केला म्हणतात, त्याच्या हातात कुड्या पुन्हा द्यायला कोण तयार होणार?

शेवटी खांबाआडून पार्वतम्माच बोलल्या. आवाज रडवेला होता. "गुरुपादप्पा, लिंगावर हात ठेव अन् सांग की तू घेतलं न्हाई. मी आत्ता विसरते सगळं."

एवढंच करायचं होतं. त्याच्या गळ्यात लिंग होतं, हात रिकामा होता, मन स्वच्छ होतं. पण लहानपणी दीक्षा देताना गुरूनं त्याच्या कानात सांगितलं होतं, हे पूजेसाठी आहे, साक्षीला उभं करायचं नाही. आणि कशासाठी उभं करायचं? चौदा खड्यांसाठी? ज्या बाईच्या घरी वीस वर्षं भाकरी खाल्ली, तिला त्याचा नुसता शब्द पुरत नव्हता, याचाही राग त्यात होता. तो म्हणाला, "खड्यासाठी मी लिंगाला हात लावणार न्हाई." आणि उठून गेला.

खरा असता तर घाबरला असता कशाला, असं सगळ्यांनी ठरवलं, आणि त्यांचंही फार चुकलं असं म्हणता येत नाही. दिसायला तसंच दिसलं.

त्यानंतर त्याच्या पेटीसमोर कोणी डबा उघडला नाही. देवणीत नाही, शिरूरला नाही, उदगिरात तर नाहीच. दुष्काळी कामावर त्यानं दोन महिने रस्त्याची खडी फोडली. मग बायकोला घेऊन लातूरला आला, जिथं त्याला कोणी ओळखत नव्हतं, आणि ओट्यावर बसून पैंजण, समया, तांब्ये उजळायला लागला. पाऊस पुन्हा पडला, विहिरी भरल्या, पण पार्वतम्मांनी कुड्या ट्रंकेच्या तळाला टाकल्या त्या टाकल्याच. काचा घालून मिरवायला मी काय नाटकातली हाय का, असं त्या म्हणाल्याचं त्याच्या कानावर आलं. म्हणजे त्या कोणी धुणारही नव्हतं. बायको, दानम्मा, अधूनमधून म्हणायची, "एकदा हात ठिवला असता तर काय झिजलं असतं?" भांडून नाही, थकून म्हणायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या आजारातही तिनं हेच विचारलं. तेव्हापासून तो घरी कमी आणि ओट्यावर जास्त असायचा.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी एक पंचविशीतली बाई ओट्याशी आली. कपाळावर विभूतीची तीन बोटं, हातात कापडी पिशवी. मालकाला नव्या जिल्ह्याच्या कचेरीत नोकरी लागली, म्हणून कुटुंब लातूरला आलं होतं. पिशवीतून तिनं कुंकवाचा चांदीचा करंडा काढला, दोन निरांजनं काढली, आणि मग रुमालाची एक गाठ.

"काका, ह्याचं सोनं चांगलं हाय, ते मोडून पोरीला बाळ्या करायच्या हायत. खडे काढून द्या तेवढे. काचंचे हायत, काढून फेकून द्या."

तिनं गाठ सोडली. गुरुपादप्पानं कुडी उचलली, आणि त्याचं बोट आपोआप एका नखावर गेलं. इतरांपेक्षा अंमळ जाड. शेजारी बसून आवळून घेतलेलं.

"गाव कुठलं, बाई?"

"देवणी. उद्या येऊन सोनं घेऊन जाते. लेकरू घरी वाट बघत आसंल." आणि ती पायऱ्या उतरून चालायला लागली.

तिनं रस्ता ओलांडेपर्यंत त्याला वेळ होता. खोटं कशाला बोला, त्याच्या मनात ते आलं. ज्या चोरीची शिक्षा दहा वर्षं भोगून झाली, ती चोरी आज मालकीण होऊन दारात आली होती आणि फेकून द्या म्हणत होती. कोणाला कळणार नव्हतं. देवणीच्या त्या घरच्यांच्या हिशेबी तर हे खडे केव्हाच त्याच्याकडं आलेले. दानम्मा असती तर काय म्हणाली असती, हे त्याला कळेना. समोर शेषेरावाचे पंधरा बिल्ले पडून होते, सगळे काळे. बाई पलीकडच्या पानाच्या टपरीपर्यंत गेली होती.

"ओ बाई," त्यानं हाक मारली. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "परत या. काम मालकिणीच्या डोळ्यादेखत होत असतंय आमच्यात."

ती वैतागत परत आली. नाव उमादेवी, पार्वतम्मांची सून, लग्न होऊन चार-पाच वर्षं झालेली. कोण्या उजाळेवाल्यानं सासूचे खडे बदलले, एवढंच तिला ठाऊक. त्याचं तोंड तिनं कधी बघितलं नव्हतं, आणि गुरुपादप्पानंही आपलं नाव सांगितलं नाही. त्यानं पेटीच्या तळातून कुंचला काढला. किती दिवसांनी. रिठ्याचं पाणी कोमट केलं, पितळी वाटीत ओतलं, आणि कुड्या त्यात ठेवल्या.

बराच वेळ काही झालं नाही. मग त्यानं कुडी पालथी धरली आणि कोंदणाच्या पाठीवर कुंचला अगदी हलका फिरवला. पाण्यात पांढरा ढग सुटला. उमादेवी वाकून बघायला लागली.

"हे काय वो?"

"भस्म. बहात्तर सालचं."

त्यानं पाणी दोनदा बदललं. पहिलं पाणी फेकलं नाही, बाजूला झाकून ठेवलं. भस्म होतं ते, रस्त्यावर कसं ओतायचं? मग मलमलीनं टिपून कुडी त्यानं ओट्यावर आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धरली आणि जराशी हलवली. चौदातले सात खडे एकदम जागे झाले. उमादेवीच्या पदरावर, चंद्रप्पाच्या भिंतीवर, काळ्या बिल्ल्यांवर बारीक बारीक रंगीत ठिपके धावले. आतून चंद्रप्पा उठून बाहेर आला.

उमादेवीनं विचारलं, "ह्या काचा न्हाईत?"

"काचंला इतकं जमत न्हाई, माय. हे बघा, उजेड इथून आत गेला, मागं आपटला, पुन्हा तुमच्याकडं आला. मागं तेल-भस्म होतं तवर तो तिकडंच गळून जाऊन राहिला होता. खडा तोच. नुसती पाठ मळली होती."

बापानं शिकवलेलं सांगताना त्याचं बोट पुन्हा त्या जाड नखावर गेलं. ती पोरगी हुशार होती; बहात्तर साल ह्याला कुठून ठाऊक, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं त्याच्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"तुम्ही ते उजाळेवाले तर न्हाईत?" तिनं हळूच विचारलं. त्यानं कुंचला पुसून पेटीत ठेवला. ती म्हणाली, "अत्याबाई आमच्याकडंच हायत. चला. आत्ताच चला."

जायचं त्याच्या मनात नव्हतं. दहा वर्षं त्यानं हा दिवस मनात घोळवला होता. पार्वतम्मांचं तोंड कसं होईल, आपण काय बोलू, मठातल्या पाचही जणांना कसं बोलावू. त्यातले तीन आता नव्हते. आणि आता कुड्या हातात धुऊन तयार होत्या तेव्हा त्याला फक्त कुठंतरी आडवं व्हावंसं वाटत होतं. पण तो उठला, पेटी घेतली आणि तिच्यामागं चालायला लागला.

दोन खोल्यांचं भाड्याचं घर. आतल्या खोलीत खाटेवर पार्वतम्मा बसलेल्या. अंगानं निम्म्या झालेल्या, कपाळावर मात्र विभूती ठसठशीत. उमादेवी म्हणाली, "अत्याबाई, हे उजाळेवाले आले. कुड्या धुतल्या, खडे खरे हायत. बघा तरी." आणि तिनं कुडी सासूच्या डोळ्यांपुढं खिडकीच्या उजेडात धरली. सगळ्या भिंतीवर ठिपके नाचले.

पार्वतम्मा कुडीकडं बघत नव्हत्या. दारात पावलं वाजली होती तिकडं बघत होत्या. गुरुपादप्पानं जवळून बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, दुधासारखा पांढरा.

म्हणजे तेही गेलं, त्याला वाटलं. साऱ्या जगात एका माणसाला हे दिसायला हवं होतं, आणि तिलाच दिसत नव्हतं.

"कोण आलंय?" पार्वतम्मांनी विचारलं.

"शरणार्थ, आव्वा. मी गुरुपादप्पा."

खाली रस्त्यावर कोणी भाजीवाली ओरडत गेली. मग पार्वतम्मांनी हात पुढं केला, आणि उमादेवीनं त्यात कुडी ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली, पुढून, मागून.

"मला दिसत न्हाई रे," त्या म्हणाल्या. "सून मला बरं वाटावं म्हणून काहीबी सांगंल. तू सांग. माझेच हायत?"

"तुमचेच हायत, आव्वा. चौदाचे चौदा."

"बदलले न्हाईस?"

"न्हाई."

पार्वतम्मांनी मान हलवली. पुढचं त्या विचारतील म्हणून गुरुपादप्पा उभा राहिला. या वेळी काय करायचं ते त्याचं ठरत नव्हतं. त्यानं घरी, ओट्यावर, दानम्माच्या उशाशी बसून हजारदा ठरवलं होतं आणि हजारदा मोडलं होतं. पण त्यांनी विचारलं नाही. कुडी मांडीवर ठेवली आणि आपलाच उजवा हात उचलून छातीवरच्या चांदीच्या करंड्याकडं नेला, ज्यात त्यांचं लिंग होतं.

गुरुपादप्पाला कळलं आणि तो पुढं झाला. "नको, आव्वा. खड्यासाठी लिंगाला मधे आणू नका."

"खड्यासाठी न्हाई रे," पार्वतम्मा म्हणाल्या. "तुझ्यासाठी." आणि करंड्यावर हात ठेवून त्या स्पष्ट आवाजात, भरल्या मठात बोलावं तशा बोलल्या: "निडवंच्याच्या गुरुपादप्पानं माझं काही घेतलं न्हाई."

तो खाटेच्या पायाशी खाली बसला. पेटी मांडीवर होती, तिच्यावर त्यानं कपाळ टेकलं. उमादेवी पाणी घेऊन आली, ते तो प्याला, आणि मग उठला, कारण संध्याकाळी शेषेराव बिल्ले न्यायला येणार होता. वाटेत त्याला आठवलं की हे घरी जाऊन सांगायला कोणी नाही. मग तो ओट्यावर बसला आणि पहिला बिल्ला हातात घेऊन दानम्माला सगळं पहिल्यापासून सांगायला लागला, मनातल्या मनात, एकही गोष्ट न गाळता.